उजेड आणि उतार

हे मनन सावकाश वाचायचं आहे. मध्ये जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे खरोखर थांबा, दोन-चार श्वास जाऊ द्या आणि मग पुढे चला. उजेडाची वीज कशी होते हे पाठ्यपुस्तकात चार ओळींत सांगून होतं. ते मनात उतरायला मात्र त्या गोष्टीजवळ जरा वेळ बसावं लागतं.

मनाने लोणी देवकरला या. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण मागे पडलं आणि इंदापूर जवळ येऊ लागलं की हे गाव लागतं. इथे एमआयडीसीच्या शेड आहेत, ऊस आहे, डाळिंबाच्या बागा आहेत. उत्तरेला उजनीचं पाणी पसरलेलं आहे. पावसाचा भरवसा नसलेला हा पट्टा आहे. इथलं शेत पाण्यावर चालतं आणि पाणी मोटरीवर. एका शेताच्या कडेला, विहिरीपाशी, लोखंडी सांगाड्यावर दक्षिणेकडे तोंड करून सोलरच्या प्लेटा उभ्या आहेत. अजून उजाडलेलं नाही. त्यांच्याजवळ बसा.

पायाशी पडलेला एक दगड उचला. काळा, खरबरीत, रात्रीचा गारवा धरून असलेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा पाषाण आहे. त्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास सिलिका असते, म्हणजे ऑक्सिजनशी घट्ट बांधलेलं सिलिकॉन. आता दुसरा हात प्लेटेच्या काचेवर ठेवा. काचेखाली आहे तेही सिलिकॉनच. थोड्या वेळाने सूर्य उगवेल आणि दोघांवर सारखाच पडेल. दुपारपर्यंत दगड तापेल. प्लेटही तापेल, पण तापता तापता ती विहिरीतलं पाणी वर काढेल. हा फरक कुठून आला? आज एवढा एकच प्रश्न धरून बसायचं आहे.

दगड खाली ठेवा. प्लेटेवर जे चौकोन दिसतात त्यांतल्या एकात मनाने शिरा. हा एक घट. सिलिकॉनची ही चकती मिलिमीटरच्या जेमतेम सहाव्या भागाएवढी जाड आहे. आत अणूंची शिस्तीची मांडणी आहे. प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी बांधलेला आणि प्रत्येक बंधात दोन इलेक्ट्रॉन. शुद्ध सिलिकॉनमध्ये जवळपास सगळे इलेक्ट्रॉन असे बंधात अडकलेले असतात. मोकळा फिरणारा विरळाच.

या चकतीत माणसाने दोन गोष्टी मुद्दाम मिसळल्या आहेत. खालच्या जाड भागात बोरॉन आहे, तोही किती, तर साधारण पन्नास लाख सिलिकॉन अणूंमागे एक. बोरॉनकडे बंधासाठी तीनच इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे त्याच्या शेजारी एक जागा रिकामी राहते. वरच्या थरात, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीत, फॉस्फरस मिसळला आहे आणि तो बराच दाट आहे. फॉस्फरसकडे पाच इलेक्ट्रॉन. चार बंधात जातात, पाचवा मोकळा राहतो. म्हणजे वर मोकळे इलेक्ट्रॉन, खाली रिकाम्या जागा, आणि मध्ये कसलीही भिंत नाही. स्फटिक एकच आहे, अखंड.

इथे थांबा. हे दोन भाग जिथे एकमेकांना लागतात, त्या सीमेवर मन ठेवा.

सीमेजवळचे काही मोकळे इलेक्ट्रॉन खाली सरकतात आणि तिथल्या रिकाम्या जागांत जाऊन बसतात. फॉस्फरसच्या अणूंना मात्र जागचं हलता येत नाही, ते स्फटिकात रुतलेले आहेत. आपला इलेक्ट्रॉन गेल्यामुळे ते धनभारित होऊन मागे उरतात. पलीकडे बोरॉनच्या अणूंकडे एक इलेक्ट्रॉन जादा येतो आणि ते ऋणभारित होतात. वर धन, खाली ऋण असा हा भार जसजसा साचतो तसतसा तो पुढच्या इलेक्ट्रॉनांना खाली उतरू देत नाही. लवकरच जाणं आणि परत येणं यांची बरोबरी होते. त्या सीमेवर एका मायक्रॉनहून कमी रुंदीचा एक पट्टा उरतो. त्यात मोकळं कुणी नसतं, पण विद्युतक्षेत्र कायमचं उभं असतं. अर्धवाहकातला जोड म्हणतात तो हाच.

हे क्षेत्र आत्ता, या काळोखातही आहे. ते ऊन पडल्यावर तयार होत नाही. कारखान्यात ही चकती भट्टीतून निघाली तेव्हापासून ते जागेवर आहे आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं राहील. तरीही आत्ता तार जोडून पाहा, मोटर फिरणार नाही. नुसत्या जोडाकडे द्यायला काही नाही. तो फक्त तयार आहे.

आता पूर्वेकडे बघा. उजाडतंय.

सूर्याच्या पृष्ठभागावरून निघालेला उजेड इथवर यायला आठ मिनिटं वीस सेकंद घेतो. तो सुट्या सुट्या कणांनी येतो. हे कण म्हणजे फोटॉन. प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन कसे बाहेर काढतो याचा उलगडा करताना 1905 साली आइन्स्टाइनने हे मांडलं आणि 1921 सालचं नोबेल त्याला मुख्यतः याच कामासाठी मिळालं. त्यातलं आपल्या कामाचं असं: एक फोटॉन एका वेळी एका इलेक्ट्रॉनशी व्यवहार करतो. तो इलेक्ट्रॉनला सोडवण्याइतका दमदार असेल तर सोडवतो, नसेल तर नाही. दुबळे दहा फोटॉन मिळून एका दमदार फोटॉनचं काम करत नाहीत.

चकतीचा पृष्ठभाग अगदी जवळून पाहा. डोळ्याला तो गडद निळा, सपाट दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे काही मायक्रॉन उंचीचे चौकोनी सुळके दाटीने उभे असलेले दिसतात. उघड्या गुळगुळीत सिलिकॉनवरून पडलेल्या उजेडातला तिसरा हिस्सा परत उडून जातो. सुळक्यांमुळे एका उतरणीवरून उडालेला किरण समोरच्या उतरणीवर आदळतो आणि त्याला आत शिरायची आणखी एक संधी मिळते. वर सिलिकॉन नायट्राइडचा एक पातळ लेप आहे, निळा रंग त्याचाच. त्या निळ्यावरून चांदीच्या बारीक रेषा गेलेल्या दिसतात. त्या इलेक्ट्रॉन गोळा करून न्यायच्या वाटा आहेत. रुंद केल्या तर त्यांचीच सावली चकतीवर पडेल, म्हणून त्या शक्य तितक्या बारीक ठेवतात.

पहिला किरण काच ओलांडून आत गेला. निळ्या उजेडाचे फोटॉन वरच्या मायक्रॉनभरातच शोषले जातात, तांबडे त्याहून खोल उतरतात. कुठे ना कुठे एखादा फोटॉन एका बंधाला भिडतो आणि स्वतः संपून जातो. त्याची सगळी ऊर्जा एका इलेक्ट्रॉनला मिळते आणि तो बंधातून सुटतो. मागे त्याची जागा रिकामी राहते. शेजारचा इलेक्ट्रॉन त्या जागेत आला की रिकामी जागा एक घर मागे सरकते, म्हणून तीही फिरते असं म्हणता येतं. एका फोटॉनमागे असे दोघे तयार झाले: एक सुटलेला आणि एक त्याची जागा.

थांबा. या सुटलेल्या इलेक्ट्रॉनबरोबर थोडा वेळ राहा.

तो मोकळा आहे, पण कुठे जायचं हे त्याला ठरलेलं नाही. स्फटिकात तो इकडून तिकडे भटकतो. वेळही फार नाही. सेकंदाचा दशलक्षावा भाग म्हणजे एक मायक्रोसेकंद, आणि अशा मोजक्याच मायक्रोसेकंदांत तो एखाद्या रिकाम्या जागेत पडून पुन्हा बांधला जाऊ शकतो. तसं झालं की उजेडाने दिलेली ऊर्जा उष्णता होऊन विरते. एखादा परका अणू किंवा स्फटिकातली चीर वाटेत आली तर हे आणखी लवकर होतं. चकतीचं सिलिकॉन इतक्या कष्टाने शुद्ध करतात ते यासाठी. सुटकेपासून जोडापर्यंतचा प्रवास त्याला पुरा करता आला पाहिजे.

पायाशी ठेवलेला दगड आठवा. उजेड त्याच्यातही शोषला जातो. तिथेही इलेक्ट्रॉन हलतात, वर चढतात आणि पुन्हा खाली येतात. त्यांना वेगळं करून एका बाजूला नेणारं तिथे काही नाही. म्हणून आलेली सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. दुपारी माळावरच्या दगडावर पाय भाजतो तो यामुळेच.

प्लेटेत मात्र भटकणारा इलेक्ट्रॉन जोडापाशी पोचतो. पट्ट्यात शिरला की तिथलं क्षेत्र त्याला ओढून वरच्या, फॉस्फरसच्या बाजूला टाकतं. रिकामी जागा तशीच उलट, खाली जाते. दोघांची फारकत होते आणि सहजासहजी परत भेट होत नाही.

बारामती-इंदापूरच्या माणसाला ही गोष्ट पाटावरून कळेल. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास या भागात पाणी घेऊन आला. शेकडो किलोमीटर लांबीचे पाट आणि चाऱ्या चालतात त्या डोळ्याला न कळणाऱ्या उतारावर. उतार पाणी देत नाही, ते वरून धरणातून येतं. पण उतार नसेल तर आलेलं पाणी जागीच पसरतं, मुरतं, वाफ होऊन जातं. शिवाय उतार पाणी सुटण्याआधी काढून ठेवावा लागतो. पाणी आल्यावर धावपळ करून तो काढता येत नाही. चकतीतला जोड हा असा उतार आहे. उजेड येण्याआधी, काळोखातच तो तयार झालेला असतो. फरक एवढाच की पाटाचा उतार माणसाने मोजून खोदला, आणि इथे दोन बाजूंच्या भारांनी आपापसात तो घडवला. माणसाने फक्त दोन बाजू वेगळ्या केल्या आणि लगत ठेवल्या.

हा उतार आधी कुणी ठरवून केलेला नव्हता. जगदीशचंद्र बोस गॅलिना नावाच्या खनिजावर प्रयोग करत होते. रेडिओ लहरी टिपणारं ते खनिज उजेडालाही प्रतिसाद देतं हे त्यांना दिसलं. त्या उपकरणाचं अमेरिकन पेटंट त्यांना 1904 साली मिळालं. सिलिकॉनमधला जोड सापडला तो अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, 23 फेब्रुवारी 1940 रोजी. रसेल ओल नावाचा संशोधक तडा गेलेली एक सिलिकॉनची कांडी तपासत होता. तिच्यावर दिव्याचा उजेड पडला की अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब दिसे. वितळलेलं सिलिकॉन थंड होताना त्यातल्या अशुद्धी आपोआप वेगळ्या झाल्या होत्या, एका बाजूला एक प्रकार आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. त्यांची सीमा त्या कांडीतच पडली होती. टाकून देण्याजोग्या तुकड्याकडे त्याने लक्ष दिलं, तो तपासत राहिला. चौदा वर्षांनी, 1954 साली, त्याच संस्थेत डॅरिल चेपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी बोरॉन वापरून हा जोड ठरवून केला आणि पडलेल्या उजेडातल्या सुमारे 6 टक्के ऊर्जेची वीज काढून दाखवली. आज बाजारातल्या चांगल्या प्लेटा 20 टक्क्यांच्या वर देतात.

पुन्हा प्लेटेकडे या. ऊन वर चढलं आहे.

वरच्या थरात इलेक्ट्रॉन साचले, खाली रिकाम्या जागा साचल्या. दोघांना पुन्हा भेटायची ओढ आहे, पण मधल्या जोडातून सरळ वाट नाही. आपण बाहेरून तार जोडून दिली की ते तिथून जातात. चांदीच्या रेषांतून तारेत, तारेतून कंट्रोलरमध्ये, आणि तिथून परत येऊन चकतीच्या मागच्या बाजूने रिकाम्या जागेत. या लांबच्या वाटेवर ते आपलं काम करून देतात.

एका घटाचा दाब अर्ध्या व्होल्टच्या जरा वर, एवढाच. म्हणून घट एकापुढे एक जोडतात, 60 किंवा 72, आणि मग प्लेटाही एकापुढे एक. पाच एचपीच्या सौर पंपाला सुमारे 4,800 वॅटच्या प्लेटा लागतात. भर उन्हात एका घटातून नऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे 56 अब्ज अब्ज इलेक्ट्रॉन. एवढी गर्दी असूनही तारेतला प्रत्येक इलेक्ट्रॉन किती चालतो? चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत तो तासाभरात जेमतेम दोन फूट सरकतो. सगळे एकदम हलू लागतात म्हणून मोटर लगेच फिरते. आणि यात एकही इलेक्ट्रॉन संपत नाही. प्लेटेत पंचवीस वर्षांपूर्वी जितके होते तितकेच आज आहेत. खर्च होतो तो फक्त उजेड.

इथे एक श्वास घ्या. मोटर सुरू झाली आहे. पाईपच्या तोंडातून आधी हवा येते, मग पाणी फसफसत येतं, मग धार बांधली जाते. ढग आडवा आला की धार बारीक होते, सरकला की पुन्हा जाडावते. मध्ये बॅटरी नाही. आठ मिनिटांपूर्वी सूर्यावरून निघालेला उजेड या क्षणी पाणी उचलतो आहे.

दुपार झाली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथे सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. एवढ्या उन्हात प्लेटेने सगळ्यात जास्त द्यावं असं वाटतं. पण प्लेटेवर लिहिलेला वॅटचा आकडा 25 अंश तापमानाचा असतो. मेमध्ये तिचं स्वतःचं तापमान 65 अंशांवर सहज जातं आणि दर अंशामागे तिची ताकद साधारण 0.35 टक्क्यांनी उतरते. म्हणजे सातवा हिस्सा गेला. उष्णता आतल्या इलेक्ट्रॉनांना वाटेल तशी हलवते, जोडातून उलटी गळती वाढते आणि दाब खाली येतो. हिवाळ्यातल्या स्वच्छ, गार सकाळी प्लेट आपल्या ताकदीने चालते ती यामुळे.

उजेडाच्या हिशोबातही मर्यादा आहे. तांबड्यापलीकडचे काही फोटॉन इतके दुबळे असतात की सिलिकॉनमधला बंध त्यांना सोडवता येत नाही. ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा असा वाया जातो. निळे फोटॉन गरजेहून जास्त ऊर्जा घेऊन येतात. इलेक्ट्रॉन सुटतो, पण उरलेली ऊर्जा क्षणात उष्णता होते. इथे तिसरा हिस्सा जातो. विल्यम शॉकली आणि हान्स क्वाइसर यांनी 1961 साली हा हिशोब मांडला. आजच्या आकड्यांनी एका जोडाच्या घटाला साध्या उन्हात सुमारे 33 टक्क्यांच्या पलीकडे जाता येत नाही. ही मर्यादा कारागिरीची नाही, पदार्थाच्या स्वभावाची आहे. तिच्याकडे शांतपणे पाहा.

आता एका घटावर पडलेली सावली बघा. बांधावरच्या बाभळीची फांदी असेल, नाहीतर पाखराची विष्ठा, नाहीतर ऊसतोडीनंतर पाचट पेटवलं तेव्हा उडून आलेली काजळी. घट एकापुढे एक जोडलेले आहेत, म्हणून एक घट अडला की त्याच्या रांगेतल्या सगळ्यांचा प्रवाह त्याच्या मापावर येतो. उरलेले घट त्याच्यातून बळेच प्रवाह ढकलू पाहतात आणि तो तापतो. त्यासाठी प्लेटेच्या मागच्या डबीत डायोड बसवलेले असतात. ते प्रवाहाला अडलेल्या रांगेला वळसा घालून पुढे नेतात. गंमत अशी की त्या डायोडांतही एक जोडच असतो, बहुतेक वेळा धातू आणि अर्धवाहक यांच्यातला. एका जोडाची अडचण दुसरा जोड सांभाळतो.

शेवटचं थांबणं. आता पाणी जिथे पोचतंय त्या माणसाकडे वळा.

या भागात शेतीची थ्री फेज लाईट वर्षानुवर्षं पाळीने येत राहिली, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रीची पाळी म्हणजे बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, चिखलात उभं राहून दारं धरायचं, पायाखाली काय आहे ते चाचपत चालायचं. घरचा माणूस शेतातून परत येईपर्यंत घर जागं असायचं. दिवसा लाईट द्या ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. राज्याने 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, म्हणजे गावालगत सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. 2024 साली मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आली. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने पंपाच्या किमतीचा 10 टक्के हिस्सा भरायचा असतो, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळच्या माळावर महानिर्मितीचा 50 मेगावॅटचा सौर प्रकल्प याआधीच उभा राहिला होता. पूर्वी ज्या माळाने नुसतं तापायचं काम केलं, तिथे आता जोड मांडलेले आहेत.

दगड आणि प्लेट यांतला फरक आता समोर आहे. ऊन दोघांवर सारखं पडलं. सिलिकॉन दोघांतही होतं. प्लेटेत दोन वेगळ्या बाजू एकमेकींत न मिसळता एकमेकींना लागून राहिल्या, आणि त्यांच्या वेगळेपणातून दिशा तयार झाली, तीही उजेड येण्याआधी. ताकद सगळी उजेडाची आहे. दिशा जोडाची आहे. एकटा उजेड असता तर उष्णता उरली असती. एकटा जोड असता तर नुसती तयारी उरली असती.

आपल्या आयुष्यातही उमेद अशीच येते. तरुणपणी येते, चांगला पाऊस झाला की येते, नव्या कामाच्या पहिल्या दिवसांत येते. ती येईल तेव्हा तिला जायला उतार लागतो. तो उमेद आल्यावर घाईने खोदता येत नाही. ती नसतानाच्या, काही दिसत नसलेल्या काळात केलेल्या कामाने तो घडलेला असावा लागतो. मुलाचा रोजचा अभ्यास, बांधबंदिस्ती, एकमेकांशी न पटणाऱ्या दोन भावांनी मोडू न दिलेला सामायिक विहिरीचा करार: तेव्हा त्यातून काही वाहताना दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते सोडून दिलं, तर ऊन आल्यावर हाताशी फक्त दगड असतो.

प्लेटा पुसायच्या तर ऊन चढण्याआधी, काच गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने. हे काम हातात घ्याल तेव्हा हेच मनन पुन्हा करता येईल. एका चौकोनावरून फडकं फिरवताना त्याच्या आत अंधारापासून उभ्या असलेल्या त्या क्षेत्राचा विचार करा, आणि मग स्वतःला विचारा: माझ्याकडे ऊन येईल तेव्हा त्याला जायला मी कोणता उतार काढून ठेवला आहे?